मागच्या खोलीतला समुद्र

मालेगावात काय नाही याची यादी करावयाची झाली, तर तिच्यात पहिले नाव समुद्राचे घालावे लागेल. येथे मोसम आहे, गिरणा आहे. नारोशंकर राजेबहादुरांनी 1740 साली बांधावयास घेतलेला भुईकोट किल्ला आहे. रात्रंदिवस खटखटणारे यंत्रमाग आहेत. आणि ज्यांची कीर्ती पार परदेशी पोचली असे हौशी सिनेमेसुद्धा आहेत. पण समुद्र नाही. मुंबईचा समुद्र आग्रा रोडने गेले तर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरांवर. तेव्हा अशा गावात एखादा मास्तर आपल्या घरात समुद्र बाळगून आहे असे कळल्यावर लोक ज्या नजरेने पाहतात, ती नजर आता माझ्या चांगल्या परिचयाची झाली आहे. आमच्या गल्लीतले यंत्रमागवाले चाचा तर रोज सकाळी मला नमस्कार करीत नाहीत, "मास्तरसाब, समंदर कैसा है?" एवढेच विचारतात. मीही एखाद्या आजारी नातेवाइकाची खुशाली सांगावी तशी समुद्राची खुशाली सांगतो.

समुद्र घरात आला तो आमच्या धाकटीच्या हट्टापायी. आम्ही मालवणला गेलो होतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र 1987 साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. तेथे डोळ्यांना काचेचा चष्मा लावून, तोंडात नळी धरून पाण्यात तोंड बुडवले, की खाली प्रवाळांचे खडक आणि त्यांतून ये-जा करणारे रंगीत मासे दिसतात. पोरीने पाण्यातून डोके वर काढले ते, "बाबा, हे घरी नेऊ या," असे म्हणतच. पोरांना सगळेच घरी न्यावयाचे असते, चंद्रसुद्धा. पण माझ्याही मनात लहानपणचे काही तरी बसलेले होतेच. मुंबईला मरीन ड्राइव्हवर 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले. वडिलांचे बोट धरून मी ते एकदा पाहिले होते, आणि काचेमागचे ते निळे पाणी पुढे कित्येक दिवस माझ्या स्वप्नात येत होते.

एक गोष्ट मात्र मी पोरीला प्रथमच बजावली. प्रवाळ घरी यावयाचे नाहीत. खडक बांधणारे प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 साली जागा मिळाली. म्हणजे कायद्याच्या पंगतीत ते वाघाशेजारी बसले. वाघ काही कोणी पिशवीत घालून घरी आणीत नाही. आमच्या समुद्रात खडक असतील ते मानवनिर्मित, आणि मासे असतील ते पैदास केलेले. विदूषक माशाची पैदास आपल्याकडे होते. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिची रीत बसवली आहे. प्रवाळ पाहावेसे वाटले, तर एस. टी. धरावी आणि मालवणला जावे. हा करार धाकटीने मान्य केला, आणि दिवाणखान्यात चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची पेटी येऊन बसली.

समुद्र तयार करणे हे वाटते तितके अवघड नाही आणि वाटते तितके सोपेही नाही. वाण्याकडचे मीठ पाण्यात कालवून समुद्र होत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोरिन यांच्याखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार अशी पुष्कळ मंडळी ठराविक प्रमाणात नांदत असतात. त्यांचे तयार मिश्रण विकत मिळते. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने ते विरघळवावयाचे. खडक आणि वाळू यांची जागा सोडून आमच्या पेटीत दोनशे लिटर पाणी मावले. त्याला सात किलो मीठ लागले. सौ.ने ते पाहून, "एवढ्या मिठात सगळ्या गल्लीच्या कैऱ्यांचं लोणचं झालं असतं," असा शेरा मारला. तो हिशेब खोटा नव्हता.

मग महिना-दीड महिना त्या पाण्यात मासा टाकावयाचा नसतो. नुसते पाहात बसावयाचे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो, तो माशांना विष. एका जातीचे सूक्ष्म जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विष; आणि दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते त्यामानाने निरुपद्रवी. या जंतूंचे बिऱ्हाड खडकांत आणि वाळूत नीट थाटले गेले, की मग पाहुणे बोलवावयाचे. आमच्याकडे विदूषक माशांचे एक जोडपे आले, दोन झिंगे आले, शंखातल्या चार-सहा गोगलगाई आल्या. घरात जणू नवी सून आल्यासारखा आनंद झाला.

पण नायट्रेट निरुपद्रवी असले तरी ते कोठे जात नाही. साठत राहते. खऱ्या समुद्राला अंत नाही, त्याला साठवणीची फिकीर नाही. आमचा समुद्र दोनशे लिटरांत संपतो. वर्षभरात खडकांवर केसांसारखे हिरवट-तपकिरी शेवाळ चढू लागले. ज्याच्या घरी हे मत्स्यालय असते, त्या प्रत्येकाच्या वाट्याला हे दिवस येतातच. पाणी बदलावे, तर मीठ आणि पैसा दोन्ही ओतावे लागतात. त्यावरचा जो उपाय या विद्येतल्या लोकांनी काढला आहे, तो मला फार आवडला. आणि खरे म्हणजे त्याच्यासाठीच हा सगळा लेखनप्रपंच.

उपाय असा: शेवाळ उगवणारच असेल तर त्याला त्याची स्वतंत्र खोली द्यावी. मुख्य पेटीला जोडून एक दुसरी लहान पेटी करावयाची. पाणी दोघींचे एकच. ते सारखे इकडून तिकडे फिरत राहते. लहान पेटीत मासा सोडावयाचा नाही. तेथे वाळूचा जाड थर, थोडे खडक, आणि चांगल्या जातीचे समुद्रशेवाळ लावावयाचे. ते नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन फोफावते. मुख्य पेटीतल्या नको त्या शेवाळाची उपासमार होते आणि पाणी निवळते. दर पंधरवड्याला वाढलेले शेवाळ मूठ-मूठ काढून टाकावयाचे. कारण त्याने खाल्लेले जे काही, ते शेवाळ बाहेर काढले तरच समुद्राबाहेर जाते.

पण यातली खरी गंमत पुढेच आहे. त्या शेवाळाच्या गुंत्यात सुईच्या टोकाएवढे कवचधारी जीव राहावयास येतात. मुख्य पेटीत मासे त्यांना दिसता क्षणी गिळतात. येथे गिळणारे तोंड नाही. म्हणून ते निर्धास्त होतात, विणतात, वाढतात. आणि त्यांची जास्तीची प्रजा पाण्याबरोबर वाहात माशांच्या पेटीत जाते. त्यांच्यावर मासे पोसले जातात. या लहान पेटीला पाश्चात्त्य लोक लॅटिनमधला ‘रेफ्युजियम’ हा शब्द वापरतात. मी त्याला ‘आश्रयकुंड’ असा जड शब्द योजला. चाचांना समजावून सांगू लागलो, तर त्यांनी माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. "मतलब, पनाह," ते म्हणाले. एवढ्या तीन अक्षरी शब्दापुढे माझे आश्रयकुंड फारच पंतोजी छापाचे वाटले.

हे कुंड बहुधा मुख्य पेटीच्या खालच्या कपाटात दडवतात. मी ते मागच्या खोलीत केले. दिवाणखान्याची भिंत आणि मागच्या खोलीची भिंत एकच. तेथे उंच घडवंचीवर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी पेटी ठेवली. पाण्याची पातळी मुख्य पेटीहून वर. एक लहानसा पंप पुढचे पाणी मागे चढवतो, आणि मागचे पाणी भिंतीतल्या नळीतून आपल्या वजनाने पुढे उतरते; म्हणजे ते सूक्ष्म जीव पंपाच्या पात्यांत न सापडता सुखरूप पोचतात. वीज गेली तर चढत्या नळीतून पाणी उलटे ओढले जाऊ नये, म्हणून तिला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक भोक पाडले. तेवढ्या भोकातून हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. ज्या गावात वीज केव्हाही जाते, त्या गावात ते भोक हा सबंध यंत्रणेतला सर्वांत मोलाचा भाग होय.

शेवाळ मुंबईच्या एका जाणकाराने पिशवीतून पाठवले. कीटोमॉर्फा त्याचे नाव. पाने नाहीत, मुळे नाहीत. नुसते हिरवे ताठर धागे एकमेकांत गुंतलेले. पिशवी उघडली तेव्हा चाचा शेजारीच उभे होते. त्यांनी बोटाने तो गुंता चाचपला आणि आपल्या कारखान्यात मागाखाली साठणाऱ्या सुताच्या गुंत्याची त्यांना आठवण झाली. "ये तो हमारा ही माल है," ते म्हणाले.

या कुंडावरचा दिवा रात्री लावतात. त्याला कारण आहे. दिवसा पुढच्या पेटीत उजेड असतो. रात्री तो मालवला, की तेथल्या जीवांच्या श्वासाने पाण्यात कर्बवायू वाढतो आणि पाणी आम्लतेकडे झुकू लागते. त्याच वेळी मागच्या शेवाळावर दिवा असला, की ते कर्बवायू घेते, प्राणवायू सोडते आणि तोल सांभाळते. पुढची खोली निजते तेव्हा मागची जागी असते. असे हे सगळे माघ महिन्यात जुळून आले. आणि त्यानंतर आखाजीला आमची आत्या आली.

आखाजीचे महत्त्व आमच्या भागाबाहेरच्या वाचकांना सांगावयास हवे. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे आखाजी म्हणतात, आणि तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, झाडाला झोके बांधून गाणी म्हणतात, आणि चार दिवसांनी डोळे पुसत परत जातात. आत्या सत्तरीची. यजमान थंडीत वारले होते. मूलबाळ नाही. बागलाणातल्या खेड्यात दोन खणांचे घर आणि तिच्याशी बोलावयास एक शेळी. माहेर म्हणावयाचे तर आईवडील, भाऊ सगळे गेलेले. उरलो मी भाचा. मी जाऊन तिला घेऊन आलो. येताना तिने एकच गाठोडे घेतले. "चार दिवस राहते न् जाते," ती म्हणाली. तिला मागची खोली दिली, दुसरी नव्हतीच.

पहिल्या सकाळी तिने विचारले, "अरे, रातभर ह्या पाण्यावर दिवा कशाला? कुणाचं काही आहे का?" मी सगळे समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे हे ह्यांचं माहेर." मी मान डोलावली. माझा आश्रयकुंड हा शब्द त्या दिवशी कायमचा बाद झाला.

चार दिवसांचे पंधरा झाले. आत्याचे मन मात्र घरात बसेना. सौ.ने भाकरी करू दिली नाही तर ती खट्टू होई. करू दिली तर हात कापत. "मी कामाची राहिले नाही रे. बसून खाणारं माणूस किती दिवस बरं दिसतं?" हे ती एकदा नव्हे, रोज म्हणू लागली. मृग लागण्याच्या आत गावी परत जावयाचे तिने ठरवून टाकले. आम्ही नको म्हणत होतो. पण नको म्हणण्याने माणूस राहात नाही. त्याला राहण्यासाठी काही तरी धरावयास लागते.

कोणी न सांगता तिने एक काम मात्र उचलले होते. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चव्वेचाळीसपर्यंत चढतो. पाणी थंड राहावे म्हणून पेटीवर पंखा लावावा लागतो, आणि त्याने रोज तीन-चार लिटर पाणी उडून जाते. उडते ते पाणी. मीठ मागेच राहते. म्हणून भर घालावयाची ती गोड पाण्याची. आत्याने पेटीच्या काचेला बाहेरून एक लाल दोरा चिकटवला आणि रोज सकाळी तांब्याने त्या दोऱ्यापर्यंत पाणी भरू लागली. शेवाळ काढून झाले की ती ते गोड्या पाण्याने तीनदा धुऊन परसातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी घालत असे. तिला झोप कमी. रात्री दिव्याच्या उजेडात ती त्या गुंत्यातले जीव न्याहाळी. मला भिंगातून दिसत नाहीत ते तिला नुसत्या डोळ्यांनी दिसत, असा तिचा दावा होता.

एके संध्याकाळी मी धाकटीला या विद्येची जुनी हकीकत सांगत होतो. 1846 साली ॲना थिन नावाच्या एका बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की गावच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. नवरा वेस्टमिन्स्टरच्या मठातला धर्मोपदेशक. घर समुद्रापासून दूर. तेव्हा पंप नव्हते, वीज नव्हती. प्रवासात प्रवाळ गडगडू नयेत म्हणून बाईंनी ते सुईदोऱ्याने स्पंजाला टाकले होते. पाणी नासू नये म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतीत असे. उंचावरून धार पडली की पाण्यात हवा मिसळते. पुढच्या वर्षी बाईंनी त्यात समुद्रशेवाळ लावले. 1850 साली वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने गोड्या पाण्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाय यांचा मेळ जमवून असा तोल राहू शकतो हे शास्त्रीय रीतीने मांडले. त्याचे नाव पुस्तकांतून आहे, बाईंचेही आहे. मोलकरणीचे नाव मला कोठे आढळले नाही. आत्या पलीकडे तांदूळ निवडीत बसली होती. ऐकते आहे असे वाटले नाही.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही तिघे पुण्याला लग्नाला गेलो. आत्या घरी राहिली. त्या रात्री गल्लीचे रोहित्र जळाले. मालेगावात वीज गेल्याचे डोळ्यांना आधी कळत नाही, कानांना कळते. शेकडो माग एकदम थांबतात, आणि ज्या आवाजात माणूस जन्मभर झोपलेला असतो तो आवाज गेल्यामुळे त्याला जाग येते. आत्याला तशी जाग आली. घरच्या बॅटरीवर पंप चार तास चालला आणि तीन वाजता तोही थांबला. भिंतीतल्या नळीची झुळझुळ बंद झाली. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो. मासे वर येऊन तोंडे उघडू लागले.

आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. वीज आली होती, पंप चालू होता, विदूषकांचे जोडपे नेहमीप्रमाणे एकमेकांच्या मागे धावत होते. आत्या मागच्या खोलीत निजली होती, आणि तिचे दोन्ही हात मनगटांपासून सुजले होते. झाला प्रकार आम्हांला चाचांच्या घरून कळला. त्यांच्या सूनबाई उकाड्याने ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी आमच्या दारातून मेणबत्तीच्या उजेडात पाहिले, तो म्हातारी स्टुलावर बसून तांब्याने पाणी उचलते आहे आणि उंचावरून धार धरून परत सोडते आहे. त्या आत आल्या. मग दोघी आळीपाळीने हे करीत राहिल्या. तीन वाजल्यापासून साडेसात वाजेपर्यंत. मी आत्याला म्हणालो, "आत्या, एवढं कशाला करत बसलीस? मेले असते तर दुसरे आणले असते." ती म्हणाली, "ती बाई नव्हती का करत, तुझ्या गोष्टीतली? ती तर रोज करायची."

मी पुढे काही बोललो नाही. बोलण्यासारखे राहिलेही नव्हते. मृग लागला, आर्द्रा लागल्या. गावी जाण्याची गोष्ट कोणी काढली नाही. शेळी मात्र मी जाऊन घेऊन आलो.

आता मला हा प्रकार जिकडे तिकडे दिसतो. कोकणात खाड्यांच्या काठी कांदळवने आहेत. चिखलात उभी, रूपाने यथातथा. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात लहान मासे, कोळंबी, खेकडे लपतात, वाढतात आणि मग समुद्रात जातात. समुद्राचे हे माजघर कित्येक वर्षे आपण भराव घालून बुजवीत होतो. महाराष्ट्राने 2020 साली पांढऱ्या चिप्पीला राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला, तेव्हा कोठे त्या चिखलाची थोडी कदर झाली. आणि आमचे हे गाव तरी दुसरे काय? आग्रा रोडवरची ही एके काळची मालीवाडी. 1857 च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत बनारसकडचे विणकर पोटासाठी, जिवासाठी याच रस्त्याने खाली उतरले आणि मोसमच्या काठी थांबले. येथे त्यांना गिळणारे तोंड नव्हते. त्यांनी हातमाग मांडले. पुढे त्यांचे यंत्रमाग झाले, आणि ज्या कापडावर कोणाचेच नाव नसते ते कापड येथून गाडीगाडीने बाहेर गेले. चाचांचे पणजोबा त्यांतलेच. पनाह हा शब्द त्यांच्या तोंडी इतक्या चटकन का आला, हे मला उशिरा उमगले.

आमच्या समुद्रात यंदा एक नवा पाहुणा आला आहे: मँडरिन मासा. निळ्या-नारिंगी वळणांचा शालू नेसल्यासारखा. हा बहुधा कोरडे अन्न खात नाही. जिवंत सूक्ष्म जीवच टिपतो, आणि ते नसतील तर भरल्या घरात उपाशी मरतो. म्हणून मागची पेटी पुरती वसेपर्यंत मी त्याला आणले नव्हते. आता तो दिवसभर खडकांवर टिपत हिंडतो आणि दिवसेंदिवस गुबगुबीत होत चालला आहे. पाहुणे पुढच्या खोलीत बसून त्याची तारीफ करतात. तेवढ्यात आतून तांब्याचा आवाज येतो. "आत कोण आहे?" असे कोणी विचारले, तर आता आत्याच उत्तर देते, "मी आहे. मागचं पाणी माझ्याकडे असतं."

दिवाळीच्या चार दिवसांत दारी पणत्या लागतील, आकाशकंदील चढेल. पणत्या किती लावावयाच्या याचा हिशेब धाकटी करीत होती. आत्या म्हणाली, "एक कमी धर पोरी. मागच्या खोलीत रोजचा आहेच."